उंबऱ्याच्या आत

गाव केवढं, हे विचारताना आपण म्हणतो, ‘किती उंबऱ्यांचं गाव?’ खानेसुमारी या जुन्या शब्दाच्या पोटात हाच प्रश्न आहे. त्याचा खाण्याशी संबंध नाही. फारसीत खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. घरं मोजली की पट्टी बसवता येई.

विदर्भातला वाशिम जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, तिथे 1867 मध्ये, म्हणजे 1872च्या जनगणनेआधीच, माणसं मोजून झाली होती: सुमारे 22 लाख. ती जगतात कशी, हे त्या आकड्यात नव्हतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी जवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघरची जमीन, मिळकत आणि कर्ज टिपून 1917 मध्ये छापलं. त्या गावात 1771 साली सरासरी 40 एकरांचं असलेलं जमिनीचं खातं 7 एकरांवर आलं होतं.

मला खरं वळण दिसतं ते 1992-93च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. तिथे घरातल्या कर्त्याशी बोलून काम संपत नव्हतं. किती मुलं झाली, किती जगली, हे बाईला स्वतःला विचारलं गेलं. उंबऱ्यावर थांबणारी मोजणी आत माजघरात गेली.

वाशिम जिल्हा झाला 1998 मध्ये. या पाहणीतून जिल्हावार आकडे मिळू लागले ते 2015-16 पासून. निवडलेल्या वस्तीत आधी सगळ्या घरांची यादी होते, म्हणजे खानेसुमारीच. मग त्यातली 22 घरं काढतात. दाराला कुलूप असलं तर शेजारचं घर धरून चालत नाही, पुन्हा जावं लागतं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. कामासाठी गाव सोडून गेलेल्यांची घरंच तर बंद असतात.

2018 मध्ये वाशिम केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रमात आलं. त्या कार्यक्रमाच्या मूल्यमापनात आरोग्य आणि पोषणाला 30 टक्के वजन आहे. जिल्ह्यात किती बायकांना रक्तक्षय, हे 2019-21च्या फेरीपर्यंत कुटुंब आरोग्य पाहणीतून कळत असे आणि गोळ्यांची मागणी त्यावरून ठरवता येई. पण त्या गोळ्या कोणत्या दारी न्यायच्या, हे आशाताईंच्या वहीत असतं. वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबाचं कुलूप निघालं, की त्या वहीत एका मुलाचं वजन लिहायचं राहिलेलं असतं.