रेंजरची टोपी आणि वरची खुर्ची

माझ्या लेकीने गेल्या वर्षी इथल्या एका नॅशनल पार्कात उन्हाळ्यापुरती रेंजरची नोकरी धरली आणि आमच्या गोतावळ्यात चर्चेला ऊत आला. पुण्याच्या मावशीचा प्रश्न सरळ होता, "अगं पण यात पुढे काय? जन्मभर टोपी घालून जंगलात उभी राहणार का?" काकांचा प्रश्न त्याहून नेमका, "यात प्रमोशन असतं का गं?" काका बँकेत क्लार्क म्हणून चिकटले आणि मॅनेजर होऊन रिटायर झाले. एकेक पायरी चढताना काय काय सोडावं लागतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणून त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. फोनवर "असतं हो काका" एवढंच म्हणाले, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. ते इथे लिहिते. गोतावळ्यातले निम्मे लोक इथे चोरून वाचतातच, त्यांचंही काम होईल.

पहिलं सांगायचं म्हणजे अमेरिकेतल्या पहिल्या पार्क रेंजरने थोड्याच काळात राजीनामा दिला होता! यलोस्टोन हे नॅशनल पार्क १८७२ साली जाहीर झालं, पण ते सांभाळायला ना माणसं होती ना पैसे. १८८० मध्ये हॅरी याउंट नावाच्या एका शिकाऱ्याला तिथल्या प्राण्यांचा रखवालदार म्हणून नेमलं. मुलूख केवढा, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठा, आणि माणूस एक. त्याने तिथे हिवाळा काढला आणि पुढच्या वर्षी सरकारला कळवलं की हे एकट्याचं काम नाही, भरवशाच्या माणसांचं एक छोटं पथक नेमा. मग स्वारी निघून गेली. पुढे १८८६ ते १९१८ यलोस्टोन चक्क सैन्याच्या ताब्यात होतं. नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली ती २५ ऑगस्ट १९१६ रोजी. तिचा पहिला डायरेक्टर स्टीफन मेदर हा टाकणखाराच्या धंद्यात गब्बर झालेला उद्योगपती. दुसरा होरेस ऑलब्राइट, वकील. तो यलोस्टोनचा सुपरिंटेंडेंट झाला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि १९२९ मध्ये डायरेक्टर झाला. म्हणजे सुरुवातीला तरी वरची खुर्ची टोपीवाल्यांसाठी नव्हतीच.

आपल्याकडे 'रेंजर' म्हटलं की वनक्षेत्रपाल. मारुती चितमपल्लींमुळे तो आपल्याला घरातला वाटतो. कोइमतूरला शिकून ते वनखात्यात लागले, १९९० मध्ये निवृत्त झाले, २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचं जंगल आपण वाचलं, पण त्यांच्या हुद्द्यांची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली असेल? आपल्या खात्यात दारंच वेगवेगळी आहेत. वनरक्षकाचं वेगळं, एमपीएससी देऊन वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होणाऱ्याचं वेगळं आणि यूपीएससीतून येणाऱ्या आयएफएसचं तर अगदीच वेगळं. कोणत्या दाराने आत आलात त्यावर साधारण ठरतं की तुमचं छत किती उंच. अमेरिकेच्या पार्क सर्व्हिसमध्ये आयएफएससारखं वेगळं दार नाही. त्यामुळे गेटवर तिकीट फाडणारा रेंजर डायरेक्टर होऊ शकतो. कागदावर. प्रत्यक्षात झालाय का? झालाय. आणि त्याचीच गोष्ट मला काकांना सांगायची आहे.

रॉबर्ट स्टँटन. जन्म १९४०, टेक्सासमधल्या फोर्टवर्थचा. लहानपण गेलं मोझियर व्हॅलीत. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेली ही वस्ती. ऑस्टिनच्या ह्युस्टन-टिलटसन या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात तो शिकत होता तेव्हा केनेडींचे गृहखात्याचे मंत्री होते स्ट्युअर्ट यूडॉल. (या गृहखात्याचा पोलिसांशी संबंध नाही, जमीन, जंगल, पार्क असली खाती त्यात येतात.) यूडॉलसाहेबांच्या लक्षात आलं की आपल्या पार्कांत गोरे रेंजर सोडून जवळजवळ कोणीच नाही. हा माणूस मोठा खमका. वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमचा मालक काळा खेळाडू घ्यायला तयार नव्हता आणि टीमचं नवं स्टेडियम होतं पार्क सर्व्हिसच्या जमिनीवर. यूडॉलनी त्याला सांगितलं, टीममध्ये सगळ्यांना घ्या, नाहीतर आमचं स्टेडियम मिळणार नाही. १९६२ मध्ये टीममध्ये काळे खेळाडू आले. त्याच सुमारास यूडॉलनी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत माणसं पाठवली, की उन्हाळ्यात रेंजर म्हणून या.

स्टँटनला बोलावणं आलं वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन पार्कचं. गंमत बघा, नोकरी मिळाली पण नोकरीवर जायला पैसे नाहीत. ट्रेनचं तिकीट आपलं आपण काढायचं, युनिफॉर्मही आपल्या खर्चाने. त्याने २५० डॉलर उसने घेतले. १९६२ चे २५० डॉलर म्हणजे गरीब घराला चेष्टा नव्हे. आपल्याकडे सायबाच्या नोकरीसाठी कर्ज काढून बूट-कोट शिवणाऱ्यांच्या गोष्टी आजोबा सांगायचे, त्यातलीच ही. टेक्सासचा काळा पोरगा उसन्या पैशांची टोपी घालून टीटनच्या बर्फाळ डोंगरांपुढे उभा राहिला, आणि येणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना रस्ता दाखवू लागला.

याचं महत्त्व कळायला वीसेक वर्षं मागे जावं लागेल. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कात १९३९ मध्ये लुईस माउंटन नावाची जागा काळ्या लोकांसाठी म्हणून वेगळी उघडली होती. सरकारी पार्कात, सरकारच्या संमतीने. आपल्याकडे वेगळे पाणवठे होते, इथे पिकनिकची वेगळी बाकं. ती वाटणी पुरती मोडायला १९५० उजाडलं. त्यानंतर बारा वर्षांनी स्टँटन टोपी घालतोय.

१९६२ आणि १९६३ असे दोन उन्हाळे त्याने टीटनमध्ये काढले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंगनी लिंकन मेमोरियलवरून ते जगप्रसिद्ध भाषण केलं, तेव्हाचे फोटो पाहा. किंगच्या शेजारी माइकजवळ एक रेंजर आपल्या सपाट काठाच्या टोपीत उभा दिसतो. लिंकन मेमोरियल पार्क सर्व्हिसकडे आहे, म्हणून तो तिथे. मी तो फोटो शंभरदा पाहिला असेल, पण टोपीकडे लक्ष गेलं ते लेकीने तशी टोपी घेतल्यावर!

तर, काका, प्रमोशनचं. १९६६ मध्ये स्टँटन कायम नोकरीत आला तो वॉशिंग्टनच्या ऑफिसात, माणसं भरती करण्याच्या आणि लोकांना माहिती देण्याच्या कामावर. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या पूर्व भागातल्या पार्कांचा सुपरिंटेंडेंट झाला. पार्क सर्व्हिस स्थापन झाल्यापासूनचा पहिला कृष्णवर्णीय सुपरिंटेंडेंट. १९७१ मध्ये व्हर्जिन आयलंड्स, मग अटलांटा, मग पुन्हा वॉशिंग्टन. १९८८ पासून राजधानी विभागाचा रीजनल डायरेक्टर. १९९७ च्या सुरुवातीला माणूस रिटायर झाला, आणि घरी बसतोय तोवर क्लिंटननी बोलावून सगळ्या पार्क सर्व्हिसचा डायरेक्टर केलं. त्याच्या आदल्या वर्षी कायदा बदलला होता. डायरेक्टरला जमीन आणि निसर्ग किंवा इतिहास सांभाळण्याचा भरीव अनुभव हवा आणि सिनेटची मंजुरी हवी. अशी मंजुरी घेऊन बसलेला पहिला डायरेक्टर म्हणजे हाच.

आता यात एक मेख आहे. हिशोब केला तर स्टँटनने जंगलात टोपी घालून काढले दोन उन्हाळे. बाकी सगळं आयुष्य टेबल, फायली, बजेट, मीटिंगा. वरची खुर्ची जंगलापासून लांब असते हे काकांना समजावायला नको, मावशीला मात्र सांगायला हवं, कारण तिची भीती नेमकी उलटी आहे. पुढे २००९ मध्ये डायरेक्टर झालेला जॉन जार्विसही १९७६ मध्ये हंगामी म्हणूनच लागला होता. त्याची वाट जरा रानातून गेली. आयडाहोतलं क्रेटर्स ऑफ द मून, अलास्कातलं रँगल-सेंट इलायस, मग माउंट रेनियर. दर काही वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. वर जायचं तर जागा बदला, असा तिथला अलिखित नियम. नवराबायको दोघंही नोकरी करणारे असले की हे गणित किती अवघड होतं ते बदलीच्या नोकरीतल्या घरांनी सांगावं.

आणि मुळात आत शिरणं कठीण. हंगामी रेंजरला एका पार्कात वर्षाला १०३९ तास काम करता येतं, म्हणजे सहा महिन्यांना थोडे कमी. त्यात पेन्शन नाही. मग हिवाळ्यात दुसरं पार्क शोधा, नाहीतर घरी या. कित्येक जण अशी दहा-दहा वर्षं काढतात. कायम झालात तरी पहिलं वर्ष प्रोबेशनचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच प्रोबेशनवरच्या सुमारे हजार लोकांना पार्क सर्व्हिसने एका झटक्यात काढलं. पुढच्या महिन्यात कोर्टाने परत घ्यायला सांगितलं, ते वेगळं. त्यात नवखी मुलं होती, तशी वरच्या जागेवर नुकती गेलेली जुनी माणसंही होती. प्रमोशन घेतलं म्हणून पुन्हा प्रोबेशन लागलं, आणि प्रोबेशन होतं म्हणून नोकरी गेली! काका, तुमच्या बँकेत असं कधी ऐकलं होतं का?

बायकांबद्दल थोडक्यात. क्लेअर मरी हॉजेस ही १९१८ मध्ये योसेमिटीत रेंजर झाली, पण बायकांना पुरुषांसारखाच पूर्ण युनिफॉर्म मिळायला १९७८ उजाडलं. मधली बरीच वर्षं त्यांना विमानातल्या हवाईसुंदरीसारखे कपडे होते. पहिली स्त्री डायरेक्टर फ्रॅन मेनेला, २००१ मध्ये, फ्लोरिडाच्या राज्य पार्कांतून आली. तिच्यानंतरची मेरी बोमर मात्र आतल्याच पायऱ्या चढून आली. मला ती जवळची वाटते, कारण ती इंग्लंडात वाढलेली आणि १९७७ मध्ये अमेरिकन नागरिक झालेली. बाहेरून येऊन नागरिक झालेली ती पहिलीच डायरेक्टर. इथल्या आपल्या लोकांनी हे नीट वाचावं. रेंजरच्या नोकरीला साधारणपणे नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर जमत नाही. चार्ल्स सॅम्स हा २०२१ मध्ये आलेला पहिला मूळनिवासी डायरेक्टर. ज्यांच्या जमिनीवर ही पार्कं झाली त्यांच्यातला. तोही पार्क सर्व्हिसच्या बाहेरून आला. शिडीवरून येईपर्यंत फार वाट पाहावी लागली असती बहुतेक.

स्टँटनने खुर्चीत बसून काय केलं हेही सांगते, नाहीतर हुद्द्यांची यादीच होईल. १९९९ मध्ये त्याने पार्कांतल्या विज्ञानाच्या कामासाठी मोठी योजना सुरू केली. त्याच्याच काळात, १९९८ मध्ये, लिटल रॉकची ती शाळा पार्क सर्व्हिसकडे आली, जिथे नऊ काळ्या मुलांना आत नेण्यासाठी १९५७ मध्ये सैन्य लागलं होतं. टस्कीगीच्या काळ्या वैमानिकांचं ठिकाणही त्याच वर्षी आलं. अशा जागा काँग्रेस ठरवते, डायरेक्टर नव्हे. तरी त्या कारकिर्दीत टोपीखाली कोण होतं, याला काहीच अर्थ नव्हता असं मला वाटत नाही.

हे सगळे 'पहिला', 'पहिली' लिहिताना एका नावापाशी मी अडते. स्टँटनच्या बाबतीत 'पार्क सर्व्हिस स्थापन झाल्यापासून' असं मुद्दाम लिहिलं ते त्यासाठीच. १९०३ च्या उन्हाळ्यात, पार्क सर्व्हिस जन्मायच्याही तेरा वर्षं आधी, कॅलिफोर्नियातल्या सिकोया आणि जनरल ग्रँट या दोन पार्कांचा प्रभारी सुपरिंटेंडेंट होता कॅप्टन चार्ल्स यंग. गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेला, वेस्ट पॉइंटमधून अधिकारी झालेला तिसरा कृष्णवर्णीय. त्याने काळ्या घोडदळाच्या मदतीने त्या एका मोसमात जायंट फॉरेस्टपर्यंत गाड्या जातील असा रस्ता पुरा केला. आधीच्या कित्येक वर्षांत तो रखडत पडला होता. मोसम संपला, सैन्याने त्याला दुसरीकडे पाठवलं. शिडी वगैरे काही नाही, आला, काम केलं, गेला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तब्येतीचं कारण देऊन त्याला निवृत्त केलं, तेव्हा आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला हा गृहस्थ ओहायोतून वॉशिंग्टनपर्यंत घोड्यावर बसून गेला. जवळजवळ ५०० मैल! १९२२ मध्ये नायजेरियात वारला. ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा त्याला मिळाला २०२२ मध्ये.

सिकोयातला रस्ता झाला तेव्हा लोक म्हणाले, एका मोठ्या झाडाला तुमचं नाव देऊ. यंग नको म्हणाला. वीस वर्षांनीही तुम्हाला असंच वाटलं तर बघू, आत्ता बुकर टी. वॉशिंग्टनचं नाव द्या. त्याप्रमाणे झाडाला वॉशिंग्टनचं नाव दिलं. वीस वर्षं झाली, चाळीस झाली. यंगच्या नावाचं झाड झालं २००४ मध्ये.