कॅथ लॅबचा तंत्रज्ञ

हृदयाच्या कप्प्यांत किंवा रक्तवाहिन्यांत बारीक नळी सरकवून तपासणी व उपचार करण्याच्या क्ष-किरण खोलीला कॅथ लॅब म्हणतात. नळी डॉक्टरच्या हातात असते. रक्तदाबाचा आलेख वाचणे, क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचा डाय भरणे, हव्या त्या मापाची वायर झटकन काढून देणे, चित्रीकरण जपून ठेवणे ही कामे तंत्रज्ञाकडे येतात. आज एकच तंत्रज्ञ सकाळी एका रुग्णालयात आणि रात्री दुसऱ्यात उभा राहू शकतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे जवळपास अशक्य होते, कारण तेव्हा प्रत्येक लॅब स्वतःपुरती होती आणि तिची माहिती तिथल्याच दोन-चार माणसांच्या हातांत असे.

या कामाची सुरुवात एका फसवणुकीतून झाली. १९२९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरला स्वतःच्या हृदयात नळी घालून पाहायची होती. वरिष्ठांची परवानगी नव्हती आणि निर्जंतुक साहित्याचे कपाट गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात होते. प्रयोग आपल्यावर होणार या समजुतीने ती टेबलावर झोपली. फोर्समानने तिला बांधले आणि मूत्रमार्गासाठी बनवलेली ६५ सेंटिमीटरची नळी स्वतःच्या दंडातून आत सरकवली. मग दोघे क्ष-किरण खोलीत गेले. तिथे समोर धरलेल्या आरशात पडद्यावरचे चित्र पाहत त्याने नळी हृदयापर्यंत नेली. साहित्य देणारा आणि चित्र दाखवणारा, असे दोन मदतनीस या पहिल्याच प्रसंगात लागले. फोर्समान पुढे मूत्रविकारांकडे वळला; नोबेल पारितोषिक त्याला १९५६ मध्ये मिळाले, आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासोबत.

कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात नळीला रोजच्या तपासणीचे साधन केले. त्यांचा हेतू चित्र काढण्याचा नव्हता. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते हे त्यांना मोजायचे होते, आणि त्यासाठी अडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेले तत्त्व हाती होते. शरीराने घेतलेला ऑक्सिजन मोजायचा, धमनीतल्या आणि हृदयाच्या उजव्या भागातल्या रक्तातील ऑक्सिजनचा फरक काढायचा आणि भागाकार करायचा. सांगायला सोपे असले तरी करायला वेळखाऊ होते. श्वासातली हवा पिशवीत गोळा करायची, रक्ताचा प्रत्येक नमुना काचेच्या व्हॅन स्लाइक उपकरणात पाऱ्याच्या साहाय्याने तपासायचा. म्हणून त्या काळचा लॅब तंत्रज्ञ हा मुख्यतः रसायनशाळेतला माणूस होता. आजही नवशिक्याला दाबमापक रुग्णाच्या छातीच्या मध्यपातळीला आणून ‘झीरो’ करायला आधी शिकवतात, ती शिस्त याच मोजमापाच्या परंपरेतली. पातळी चुकली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

चित्राचे युग सुरू झाले ते अपघाताने. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाची महाधमनी तपासत होता. नळीचे टोक उजव्या हृदयधमनीत शिरलेले कोणाच्या लक्षात आले नाही आणि सुमारे ३० मिलीलिटर डाय थेट तिच्यात गेला. हृदय थांबले. रुग्णाला जोराने खोकायला सांगितल्यावर ते पुन्हा सुरू झाले. हृदयाच्या धमन्यांत डाय सोडून माणूस जगू शकतो हे त्या दिवशी कळले. सोन्सची लॅब तळघरात होती आणि टेबलाखाली खड्डा खणून त्यात उभे राहून तो चित्र पाही. अशी लॅब दुसरीकडे उचलून नेता येत नाही, आणि तिच्यात तयार झालेला सहायकही नाही.

हे बंधन तोडले ते साध्या वाटणाऱ्या दोन शोधांनी. स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगरने १९५३ मध्ये सुई, वायर आणि नळी असा क्रम मांडला. सुईतून वायर आत घालायची, सुई काढायची, वायरीवरून नळी सरकवायची. रक्तवाहिनी कापून उघडी करण्याची गरज उरली नाही. १९६७ मध्ये मेल्विन जडकिन्सने डाव्या आणि उजव्या धमनीसाठी टोकांना आधीच वळण दिलेल्या वेगवेगळ्या नळ्या आणल्या. सोन्सच्या पद्धतीत सारे कसब डॉक्टरच्या बोटांत होते. जडकिन्सने त्यातले बरेचसे नळीच्या आकारात उतरवले. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा बदल फोर्समानच्या धाडसापेक्षाही मोठा म्हणावा लागेल. आकाराला नाव मिळाले, नावाला माप मिळाले आणि मागणी एका शब्दात करता येऊ लागली. जाडी ‘फ्रेंच’मध्ये मोजायची हे आधीच ठरलेले होते. एक फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा एक तृतीयांश.

तरीही एक काम प्रत्येक रुग्णालयात निराळे राहिले. धमन्यांचे चित्रण ३५ मिलीमीटरच्या सिने फिल्मवर होई. या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला ३० चौकटी घेतल्या तर १०० फुटांची रीळ मिनिटभरही पुरत नाही. केस संपली की तंत्रज्ञ अंधाऱ्या खोलीत शिरे. रसायनाचे तापमान बिघडले तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागण्याची वेळ येई. १९९० च्या दशकात संगणकीय चित्रण आणि ‘डायकॉम’ हे सामाईक प्रमाण आले, तसे अंधाऱ्या खोलीचे काम मागे पडत गेले.

दरम्यान उपचारही लॅबमध्ये आले होते. झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग, त्याची सहायक मारिया श्लुम्फ आणि त्यांच्या घरची माणसे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बलूनच्या नळ्या तयार करीत. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ग्रुंट्सिगने ३८ वर्षांच्या रुग्णाची अरुंद झालेली धमनी बलूनने उघडली. १९८६ मध्ये धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, आला. तंत्रज्ञाच्या हाती आता बलून फुगवण्याचा पंप आला. दाब किती आणि किती सेकंद झाले हे मोठ्याने सांगत राहणे हे त्याचे काम ठरले. मॉन्ट्रियलच्या ल्युसिएँ कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी करून दाखवली, आणि पुढे जांघेऐवजी हात तयार करून ठेवण्याची सवय लॅबना लागली.

भारतात १९५० च्या दशकात डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात लॅब उभी केली. ग्रुंट्सिगकडे शिकलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांनी १९८० च्या दशकात बलूनने धमनी उघडण्याचा उपचार, म्हणजे अँजिओप्लास्टी, इथे रुजवली. तंत्रज्ञ मात्र बराच काळ कामावरच शिकत राहिला, कोणी ईसीजीकडून येई, कोणी क्ष-किरण विभागातून. ब्रिटनमध्ये आलेख पाहणारा आणि क्ष-किरण यंत्र चालवणारा असे दोन वेगळे व्यावसायिक एकाच खोलीत असतात. आपल्याकडे लहान लॅबमध्ये दोन्ही कामे एकाच माणसावर पडतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका सुरू करून या शिक्षणाला रूप दिले. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला.

कामाचा भार वाढण्यामागे पैशाचीही गोष्ट आहे. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊ लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. लॅब मोठ्या शहरांबाहेर पसरल्या आणि अनुभवी हात एकाहून अधिक ठिकाणी लागू लागले.

प्रमाणीकरण झाले म्हणून सगळ्या लॅब सारख्या झाल्या असे नाही. यंत्र वेगळ्या कंपनीचे असले की पेडल आणि बटणांची जागा बदलते. एका डॉक्टरला मनगटातून दोन्ही धमन्यांसाठी एकच ‘टायगर’ नळी हवी असते, दुसरा डावी-उजवी जडकिन्स मागतो. नव्या ठिकाणी गेलेला जाणता तंत्रज्ञ पहिल्या दिवशी तीन गोष्टी शोधून ठेवतो: शॉक देण्याचे यंत्र, तात्पुरत्या पेसमेकरची वायर आणि हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून डायची नळी भरण्याची तिथली पद्धत. ‘प्रायमरी’, म्हणजे झटका आलेला रुग्ण रात्री दोन वाजता दारात आला, की कपाट शोधायला वेळ नसतो.

किरणोत्साराचा हिशेबही अशा फिरत्या माणसाला ठेवावा लागतो. शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत छातीवर किरणोत्सार मोजणारा टीएलडी बिल्ला लावायचा, तो दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. बिल्ला रुग्णालयामार्फत मिळतो. डोसची नोंद मात्र राष्ट्रीय नोंदवहीत त्या व्यक्तीच्या क्रमांकावर होते आणि नोकरी बदलली तरी तोच क्रमांक पुढे चालतो.