कंट्रोलवरची लाल रेघ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी आयुष्याची एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. तीही पुण्या-मुंबईत नव्हे, तर मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या तालुक्यांतल्या शाळांत. नोकरीला लागलो तेव्हा ही गावे अकोला जिल्ह्यात होती. 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. ‘पुन्हा’ हा शब्द मुद्दाम वापरला. इंग्रजी अमदानीत 1905 पर्यंत वाशिम हा वेगळा जिल्हाच होता आणि साहेबाच्या कागदोपत्री त्याचे नाव ‘बासिम’ असे होते. साहेबाने आमचे शब्द आपल्या जिभेच्या सोयीने वळवले आणि आम्ही त्याचे शब्द आपल्या जिभेच्या सोयीने. आज या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

साल 1987. आठवीची चाचणी होती. दिलेल्या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असा नेहमीचा प्रश्न. शब्द होता ‘कंट्रोल’. अपेक्षित उत्तर, रागावर ताबा ठेवावा किंवा ड्रायव्हरने गाडी ताब्यात ठेवावी, असे काहीतरी. एका मुलाने लिहिले, ‘माय मदर गोज टू कंट्रोल.’ मी त्यावर लाल रेघ ओढली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणालो, ‘अरे, कंट्रोल काय बाजार आहे का?’ वर्ग हसला, मीही हसलो. तो मुलगा मात्र हसला नाही. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. पुढे मॅट्रिकला तो इंग्रजीतच गेला.

आता आमच्या भागाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. वऱ्हाडात स्वस्त धान्याच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. ‘कंट्रोलात गहू आले’, ‘कंट्रोलची साखर’, ‘माय कंट्रोलात गेली’ ही आमची रोजची वाक्ये. दुकानाच्या पाटीवर ‘रास्त भाव दुकान’ असे लिहिलेले असते, पण ती पाटी फक्त तपासणीला आलेला साहेब वाचतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला आमच्या शेजारणीने ‘मी कंट्रोलातून येते’ असे सांगितले, तेव्हा तो बिचारा बराच वेळ तिच्या तब्येतीची चौकशी करत राहिला.

हा शब्द आला कुठून? दुसऱ्या महायुद्धातून. 1939 साली युद्ध सुरू झाले आणि हळूहळू धान्य, साखर, रॉकेल, कापड सगळेच दुर्मीळ होत गेले. 1943 साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्याच वर्षी मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले आणि त्याच वर्षी सरकारने कापडावर व सुतावर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. किती माल कोणाला आणि कोणत्या भावाने विकायचा हे सरकार ठरवू लागले. त्या सगळ्या कारभाराचे नाव ‘कंट्रोल’. माझी आजी सांगायची, घरचा कापूस गाडी भरून कारंजाला जायचा आणि लुगड्यासाठी मात्र कंट्रोलच्या दुकानापुढे सकाळपासून उभे राहावे लागायचे. तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण ‘कंट्रोल’ म्हणजे काय, हे तिला माझ्या शब्दकोशापेक्षा चांगले ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर ही नियंत्रणे उठवावीत, असे गांधीजींचे आग्रहाचे मत होते. 1947 च्या अखेरीस ती उठवायला सुरुवातही झाली. पण भाव भडकले आणि 1948 साली नियंत्रणे परत आली. सरकारी नावे पुढे अनेकदा बदलली. बोलण्यातला शब्द तसाच राहिला.

मुंबईकडे याच दुकानाला ‘रेशन’ म्हणतात, मग आम्हीच ‘कंट्रोल’ का? याचा धागा जुन्या प्रांतात सापडतो. विदर्भ तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, तो मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती आणि प्रांताचे नाव मध्य प्रदेश होते. आजही मध्य प्रदेशात, छत्तीसगडात जा, तिथली बाई हिंदीत सांगेल की ती कंट्रोलच्या दुकानात चालली आहे. प्रांत मोडून सत्तर वर्षे होत आली. नकाशा बदलला, राजधानी बदलली, तरी हा एक शब्द अजून जुन्या हद्दीत फिरतो आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने आपल्या पाच शब्दांच्या वाक्यात एवढा इतिहास लिहिला होता आणि मी त्यावर लाल रेघ ओढली होती.

‘कंट्रोल’ हा काही एकटा शब्द नाही. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि साहेबाची नजर वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीवर खिळली. 1867 पर्यंत अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. कापसाच्या आणि आगगाडीच्या पाठोपाठ इंग्रजी शब्दांची वरात आमच्या गावांत आली.

त्यातला सगळ्यात गमतीचा शब्द ‘जीन’. कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना म्हणजे जीन. इंग्रजीतल्या ‘इंजिन’ या शब्दाची शेपटी तेवढी उरली आणि जीन झाले. म्हणजे आगगाडीचे इंजिन आणि कापसाचे जीन हे मुळात एकाच घरातले. त्याच घरातला तिसरा भाऊ आमच्या विहिरीवर बसला. तेलावर चालणाऱ्या पंपाला शेतकरी ‘इंजन’च म्हणतो. पण ‘जीन’ची गोष्ट इथे संपत नाही. घोड्यावरच्या खोगिराला जीन म्हणतात, तो शब्द फारसी. पोरे घालतात ती जीन वेगळी. आणि 2002 साली केंद्र सरकारने बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी दिली, तेव्हापासून शेतकऱ्याच्या बोलण्यात चौथा जीन आला. एका जिवाणूचा जीन कापसाच्या बियाण्यात घातला की बोंडअळी मरते, असे कृषी सहायक सांगू लागला. आज आमच्याकडे जीन असलेले बियाणे पेरतात, कापूस जीनमध्ये नेतात आणि आलेल्या पैशातून पोराला जीन घेतात. उच्चार एकच, पण घोटाळा कोणाचाच होत नाही. का होत नाही? कारण ऐकणाऱ्याला माहीत असते की आपण शेतात उभे आहोत, कारखान्याच्या फाटकाशी की कापडाच्या दुकानात.

‘बीटी’वरून आठवले. माझे वडील म्हणायचे, ‘अमुक मास्तर बी. टी. झालेले आहेत.’ त्या काळी ती शिक्षकी पेशाची पदवी होती. आता एखादा म्हणाला, ‘यंदा बीटी फसलं’, तर कोणीही त्याला कोणत्या विद्यापीठातून म्हणून विचारत नाही. तीच गत ‘एसटी’ची. 1948 पासून धावणारी लाल गाडी एसटी आणि जातीच्या दाखल्यावरची अनुसूचित जमातही एसटीच. ‘त्याचं एसटीचं काम अडलं’ असे ऐकले, तर तो माणूस बसस्थानकावर उभा आहे की तहसीलमध्ये, हे आधी पाहावे लागते.

‘लाईन’ घ्या. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी आमची शकुंतला ज्या अरुंद रुळांवरून धावे ती लाईन. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत होते. ती गाडी आता बंद आहे. पण लाईन गावातून गेलेली नाही. विजेला आम्ही लाईन म्हणतो. ‘लाईन रात्री बाराला येते’ हे वाक्य थंडीत हरभऱ्याला पाणी देणाऱ्याच्या तोंडून ऐकले, तर त्यात एक अख्खी जागरणाची रात्र असते. पोलिसांची घरे म्हणजे पोलीस लाईन, साहेबांचे बंगले म्हणजे सिव्हिल लाईन. आणि मजुरांची वस्ती? तिला विदर्भात शब्द आहे ‘फैल’. अकोल्याचा अकोट फैल, वर्ध्याचा पुलफैल ही नावे तुम्ही ऐकली असतील. कोणी त्याला फाईल लिहितो, कोणी फैल. फाईल म्हणजे कागदांचा गठ्ठा हे आपल्याला माहीत आहे, पण इंग्रजीत रांगेलाही फाईल म्हणतात. म्हणजे पाहा, साहेबांची ओळ ती लाईन झाली आणि मजुरांची ओळ ती फैल. इंग्रजीत अर्थ जवळपास एकच, आमच्याकडे मात्र त्यातली पायरी नेमकी टिकून राहिली.

काही शब्दांचा अर्थ तर पोटाशी बांधलेला असतो. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि ‘फेडरेशन’ हा शब्द घरोघरी पोचला. शब्दकोशात फेडरेशन म्हणजे संघ. आमच्याकडे फेडरेशन म्हणजे बैलगाड्यांची लांबच लांब रांग, थंडीत गाडीखाली काढलेली रात्र आणि शेवटी ग्रेड लावणारा ग्रेडर. त्याने कापसात हात घालून एक शब्द उच्चारला की वर्षभराच्या मेहनतीचे मोल ठरायचे. आता माझ्या नातवाच्या प्रगतिपुस्तकातही ग्रेड असते. त्यात ‘ब’ पाहून सून हिरमुसते. मला मात्र तो शब्द ऐकला की अजून कापसाची गाडी दिसते.

भाषेची शुद्धी व्हावी, असे मानणारे विद्वान आपल्याकडे होऊन गेले. सावरकरांनी महापौर, दिनांक असे किती सुंदर शब्द दिले आणि ते रुळलेही. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण रुळायला शब्दाला वाट लागते. महापौर हा शब्द सभागृहाच्या वाटेने आला. कंट्रोल, जीन, लाईन हे पोटाच्या वाटेने आले. त्यांना कोणी आमंत्रण दिले नव्हते, आणि आता त्यांना जा म्हणायलाही कोणी तयार नाही.

हे सगळे आज का सांगतो? जून 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. खेड्यातले लेकरू इंग्रजीला बिचकते, असे आपण शिक्षक लोक म्हणत आलो. पण ते लेकरू शाळेत येते ते रिकाम्या हाताने येत नाही. मोटर, लाईन, डोस, प्लॉट, पंप, केस, पार्टी असे शेदोनशे इंग्रजी शब्द त्याच्या खिशात असतात. फरक इतकाच की त्यांचे अर्थ आमच्या मातीतले असतात. त्याला मोटर म्हणजे विहिरीवरची ठाऊक असते, रस्त्यावरची नव्हे. डोस म्हणजे पिकावरच्या औषधाचा. मास्तरांचे काम त्याच्या शब्दावर काट मारणे नाही. ‘बाळा, हा शब्द तुझ्या घरी असा चालतो, पेपरात असा चालतो आणि विलायतेत असा’, एवढे सांगणे हे काम आहे. परीक्षेत पेपरातलाच अर्थ लिहावा लागेल, त्यात सूट नाही. गुण देणारा माणूस कंट्रोलाच्या रांगेत उभा राहिलेला असेलच असे नाही. पण आधी त्याचा शब्द खरा माना, मग दुसरा शिकवा. मी उलट केले.

तो मुलगा मला काही वर्षांपूर्वी मंगरुळपीरच्या बाजारात भेटला. केस पांढरे झालेले, हातात पिशवी.

‘सर, वळखलं काय?’ त्याने विचारले.

मी चेहरा आठवत राहिलो. तोच हसून म्हणाला, ‘मी तो, कंट्रोलवाला.’

मला काय बोलावे सुचेना. मग त्याला बाजूच्या हॉटेलात नेले, चहा सांगितला आणि युद्धाची, कापडाच्या हुकमाची, नागपूरच्या जुन्या राजधानीची सगळी हकिकत सांगितली. म्हटले, ‘तुझं व्याकरण थोडं चुकलं होतं, पण शब्द चुकला नव्हता. चूक माझी होती.’

त्याने शांतपणे ऐकून घेतले. बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, ‘हे तवाच सांगतलं असतं सर, तं मी अजून एक खेप पेपरले बसलो असतो.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. त्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. ‘तिले इंग्रजी भारी जाते,’ तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येत असे. पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडले नाही. तिला म्हटले, घरात आणि शेतात जेवढे इंग्रजी शब्द बोलता तेवढे वहीत लिहून आण. दुसऱ्या दिवशी ती एकशे चौदा शब्द घेऊन आली. पहिलाच शब्द होता, ‘कंट्रोल’. मी त्याच्यापुढे लाल शाईने बरोबरची खूण केली आणि मग आम्ही त्याचा दुसरा अर्थ शिकायला बसलो.