घमेले

घमेले (बोलीत घमेलं, ना., नपुं.; अ.व. घमेली) : उथळ, पसरट तोंडाचे, बहुधा लोखंडी पत्र्याचे भांडे. मूळ लॅटिन ‘कामेल्ला’. हा शब्द लॅटिनमध्येही दुर्मीळच, आणि उंटाशी त्याचा काही संबंध नाही. ओव्हिडच्या ‘फास्ती’त, 21 एप्रिलच्या पारिलिया सणाला, मेंढपाळ कामेल्लातून दूध आणि आटवलेला द्राक्षरस पितो. पेट्रोनियसच्या ‘सातिरिकॉन’मधली म्हातारी जुनी फुटकी कामेल्ला डांबराने सांधते. एकूण गरिबाघरचे पिण्याचे भांडे.

पोर्तुगीजमध्ये आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ झाला, जोड ‘ल’ सुटा झाला; ‘गामेला’ म्हणजे लाकडी कुंड किंवा परात. मराठीने ‘ग’चा ‘घ’ केला आणि शब्द नपुंसकलिंगी करून घेतला. हिंदीत तोच ‘गमला’ होऊन फुलझाडाची कुंडी बनला. पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत गेलेल्या अशा शब्दांचा कोश दालगादो या गोमंतकीय विद्वानाने 1913 मध्ये काढला.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातील तिसगावाचा पट्टा पर्जन्यछायेतला, त्यामुळे इथे घमेल्यात दुधापेक्षा मुरूम अधिक. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रभर जी हत्यारे हातात आली ती टिकाव, खोरे आणि घमेले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले, आणि भरावापर्यंत बायांची रांग. बांधकामावर तेच घमेले ‘माल’ वाहते. माल म्हणजे कालवलेले सिमेंट-वाळू. तो मागवणारा ‘मेस्त्री’ही पोर्तुगीज ‘मेस्त्र’चा, म्हणजे लॅटिन ‘माजिस्तेर’चा वंशज. तेव्हा मेस्त्रीने घमेले मागितले की दोन लॅटिन नातेवाईक समोरासमोर येतात; दोघांनाही त्याची खबर नसते.

सामान्यरूप ‘घमेल्या-’ : घमेल्यात, घमेल्याने. संख्येबरोबर शब्द मापवाचक होतो : ‘एक घमेलं सिमेंटला चार घमेली वाळू.’ गिलाव्याचे प्रमाण कामावर असेच सांगितले जाते. शब्दार्थ देताना ‘पसरट भांडे’ एवढ्यावर थांबणारा कोश म्हणूनच अपुरा. माप हा अर्थ त्याने स्वतंत्र द्यायला हवा.