आतून उघडणारे दार

इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे एक संख्या. १९८१ साली ठरलेल्या नियमानुसार ती ३२ बिटांची असते. म्हणजे पत्ते किती? २ चा ३२ वा घात, सुमारे ४२९ कोटी. (हा गुणाकार मुलांकडून जरूर करून घ्यावा.) तेव्हा ही संख्या अफाट वाटली. पण नव्वदच्या दशकात पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा खरोखरच संपला.

मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी यावर तोड मांडली होती. आतल्या यंत्रांना खाजगी क्रमांक द्यायचे, बाहेर मोजकेच पत्ते वापरायचे. सीमेवरचा राउटर आतून कोणी कोणाला विचारले ते लक्षात ठेवतो आणि आलेले उत्तर त्याच्याकडे पोचवतो. बाहेरून आपणहून आलेला निरोप कोणाचा हे मात्र त्याला कळत नाही. तो निरोप टाकून देतो. त्यामुळे घरच्या संगणकावर ठेवलेली गुणपत्रके शाळेतून पाहता येत नाहीत. राउटरमध्ये कायमची वाट उघडता येते, पण मग अनोळखी लोकही येऊन कडी हलवून पाहतात.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून उघड जाणारे पासवर्ड चोरले गेले. तिथले संशोधक टाटू इल्योनेन यांनी त्यावर एसएसएच ही पद्धत तयार केली. तिच्यात निरोप कुलूपबंद होऊन जातात आणि त्या बंद मार्गातून दुसरे निरोपही नेता येतात. यालाच बोगदा म्हणतात.

पुढची युक्ती सोपी आहे. दार बाहेरून उघडत नसेल तर आतून उघडावे! घरचा संगणकच बाहेरच्या मध्यस्थाशी संपर्क साधतो आणि तो चालू ठेवतो. पाहुणा मध्यस्थाकडे जातो, तिथून बोगद्याने घरी. २०१३ पासून एनग्रोकने ही सोय दिली. क्लाउडफ्लेअरने ती २०१८ मध्ये आणली आणि २०२१ मध्ये मोफत केली.

आता खरा प्रश्न. हा मध्यस्थ पत्र फोडतो का? वेबसाठीच्या अशा सेवांमध्ये कुलूप बहुधा मध्यस्थाकडेच उघडते आणि पुढे पुन्हा लावले जाते. म्हणजे मजकूर त्याला वाचता येऊ शकतो. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या वायरगार्डमध्ये गुप्त चाव्या दोन टोकांनाच असतात. त्यावर उभारलेल्या टेलस्केलमध्ये मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. निरोप त्याच्याकडून गेला तरी बंदच असतो. मात्र कोणती चावी कोणाची हे सहसा तोच सांगतो. विश्वास ठेवावा लागतोच, फक्त त्याची जागा बदलते.

म्हणून मुलांची माहिती बोगद्यातून नेण्यापूर्वी आपण दोन गोष्टी विचाराव्यात: कुलूप कुठे उघडते, आणि बोगदा संपल्यावर घरच्या संगणकाला स्वतःचे कुलूप आहे का? बोगदा म्हणजे रस्ता. आलेला माणूस कोण हे ओळखण्याचे काम घराच्या दारालाही करावे लागते.