पंक्तिभेदाचा नियम

पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजाऱ्याच्या पानावर कोरडी पोळी, याला आपण पंक्तिभेद म्हणतो; आणि तो करणाऱ्या यजमानाला चारचौघांत मान खाली घालावी लागते. अमेरिकेतल्या फुटबॉलचा इतिहास चाळताना मला हाच पंक्तिभेद चक्क नियमपुस्तकात सापडला. तो तिथे कसा शिरला, ते ऐकण्यासारखे आहे.

१९७५ साली न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने ब्राझीलच्या पेलेला आणले. १९७७ साली जर्मनीचा बेकेनबाउअर आला. त्या वर्षी एका सामन्याला ७७ हजारांवर प्रेक्षक लोटले. ते पाहून इतर संघांनीही ऐपत न बघता परदेशी नामवंतांवर पैसा उधळला. १९८४च्या हंगामानंतर ती सारी लीगच बुडाली.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. १९९६ साली ‘मेजर लीग सॉकर’ सुरू झाली, तेव्हा खेळाडूंशी करार संघाने नव्हे, लीगने करायचे आणि प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा घालायची, असे ठरले. मालक एकजुटीने आमचे पगार पाडतात, म्हणून खेळाडू कोर्टात गेले. २००२ साली अपिलातही हरले. लीग तगली खरी, पण तेवढ्या पगारात जगातले नामवंत येईनात.

मग २००७ साली एक पळवाट निघाली. एखाद्या खेळाडूचा पगार कितीही असो, मर्यादेच्या हिशेबात त्याचे ४ लाख डॉलरच धरायचे. वरचे मालकाने पदरचे द्यायचे. इंग्लंडचा डेव्हिड बेकहॅम आला, वर्षाला ६५ लाख डॉलरवर! लोक त्याला ‘बेकहॅमचा नियम’च म्हणू लागले. त्याच लीगमध्ये उमेदवारी करणारी पोरे वर्षाला १२,९०० डॉलरवर खेळत होती. पुढे प्रत्येक संघाला अशा तीन जागा मिळाल्या. तूप बहुधा गोल करणाऱ्यांच्या पानावर पडू लागले.

बेकहॅमच्या करारात अडीच कोटी डॉलरला नवा संघ घेण्याची मुभा होती. त्यातूनच मायामीचा संघ उभा राहिला, आणि २०२३ साली त्याने अर्जेंटिनाच्या मेसीला आणले. पळवाटेने आलेला पाहुणा स्वतःच यजमान झाला!

ही लीग वाचली मर्यादेमुळे आणि गाजली अपवादामुळे, असे मला वाटते. दोन्ही खरे. पण मेसीच्या पायापर्यंत चेंडू पोचवणारेही त्याच पंगतीत बसलेले असतात. वाढणाऱ्याने त्यांच्या पानाकडेही एकदा पाहावे.