दुय्यम मानलेला एक चित्रपट : 'कॅश ऑन डिमांड'

एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची पद्धत ब्रिटिश चित्रपटगृहांत १९६०च्या दशकातही रूढ होती. त्यांतील दुय्यम चित्रपट आखूड, कमी खर्चाचा आणि पुष्कळदा गुन्हेगारीवरचा असे. त्याचा इतिहास म्हणजे काटकसरीचा इतिहास, असे आम्हीही मानत आलो. हॅमर या संस्थेच्या 'कॅश ऑन डिमांड' (१९६१, दिग्दर्शक क्वेंटिन लॉरेन्स) या कृष्णधवल चित्रपटाने या मताचा फेरविचार करणे आम्हांस भाग पाडले.

नाताळ तोंडावर आलेला. लहान गावातील बँकेची शाखा. शाखाधिकारी फोर्डाइस (पीटर कुशिंग) शिस्तीचा पुतळा. क्षुल्लक चुकीवरून तो पिअर्सन या जुन्या सहकाऱ्याची नोकरी घालवू पाहतो. तेवढ्यात विमा कंपनीचा अधिकारी म्हणून कर्नल गोर हेपबर्न (आंद्रे मोरेल) येतो आणि अत्यंत सभ्यपणे सांगतो : तुमची पत्नी व मूल आमच्या ताब्यात आहेत, तिजोरी उघडा.

पैसा असता तर निर्मात्यांनी फोर्डाइसचे घर, भेदरलेले कुटुंब, मोटारींचा पाठलाग हे सारे दाखविले असते. येथे कॅमेरा बँकेच्या उंबरठ्यापलीकडे फारसा जात नाही. पत्नीचा केवळ आवाज दूरध्वनीवरून ऐकू येतो. त्यामुळे फोर्डाइसला जेवढे कळते तेवढेच प्रेक्षकाला कळते. चित्रपटातील भय या दारिद्र्यातूनच निपजले आहे.

डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) वाचलेल्यांना फोर्डाइसमध्ये स्क्रूज सहज ओळखू येईल. मात्र येथे हृदयपरिवर्तन घडविणारी भुते नाहीत; ते काम दरोडेखोर करतो. शिवाय स्क्रूज अखेरीस दाता होतो, तर फोर्डाइसला याचक व्हावे लागते. ज्याची भाकरी तो हिरावून घेणार होता, त्या पिअर्सनपुढेच त्याला साहाय्यासाठी हात पसरावे लागतात. हा फरक आम्हांस मोलाचा वाटतो.

अमेरिकेत १९६१ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये, तोही काटछाट होऊन, दुय्यम चित्रपट म्हणून लागला. पुढे ती पद्धतच ओसरली. हाताखालच्या माणसाची किंमत ओळखायला शिकविणाऱ्या कृतीची किंमत अशी ठरली! रहस्यकथेचा परिच्छेद दोन वाक्यांत उरकून पुढे जाणाऱ्या आम्हां अध्यापकांनाही याबाबत फोर्डाइसला हसण्याचा अधिकार नाही.